कव्हरच्या आतला आवाज

ओवे,
६ जानेवारी २०२५

ती. जमालचाचांना रंभाचा नमस्कार.

आधी फोन केला होता. सकीनाचाचींना म्हटलं, चाचांना सांगा, इंजिनातून आवाज येतो. त्या घाबरून म्हणाल्या, "कुणाला इंजेक्शन दिलं?" शेवटी आम्ही दोघी हसलो आणि फोन ठेवला. तुम्हाला आता ऐकू येत नाही असं त्या म्हणाल्या, बटणाच्या फोनवर फोटो दिसत नाही, म्हणून पत्र लिहिते.

तुम्ही पनवेलचं गॅरेज बंद करून म्हसळ्याला गेलात, त्यानंतरही माझी व्हॅन चालूच आहे. आठवड्यातून तीन दिवस चार जणांना पनवेलला डायलिसिसला नेते-आणते. ओव्यातले काशीरामदादा, तळोज्याच्या नव्या वसाहतीतल्या आशालताबाई (शाळेत मराठी शिकवायच्या), आणि दोघं वाटेतले. सुई टोचून परत येताना माणूस इतका गळालेला असतो की त्याला रिक्षात कोंबता येत नाही. म्हणून ते माझ्याशिवाय जात नाहीत आणि माझं घर त्यांच्याशिवाय चालत नाही.

आता आवाजाचं. सकाळी पहिल्यांदा चावी फिरवली की इंजिनाच्या पुढच्या अंगाला, बेल्टच्या बाजूला, खडखड सुरू होते. पत्र्याच्या डब्यात चिंचोके घालून हलवावेत तशी. इंजिन सीटखालीच, त्यामुळे माझ्या मांडीखाली डबा वाजतोय असंच वाटतं. पूर्वी लगेच थांबायची, आता मिनिटभर चालते. कळंबोलीच्या पुलावर गाडी दम टाकते.

हायवेवरच्या एका मोठ्या गॅरेजात दाखवली. माणसाने सीट उचलूनपण नीट बघितलं नाही. म्हणाला, "ताई, इंजिन संपलं. दुसरं टाका नाहीतर भंगारात द्या." माझा नवरा म्हणून म्हणत नाही, पण आनंदा असता तर त्याने स्वतः उघडून बघितलं असतं. तो चौदा वर्षं तुमच्या हाताखाली शिकला. तो नाही, म्हणून त्याच्या उस्तादाला विचारते. खरंच संपलं का?

तुमची,
रंभा


म्हसळा,
१० जानेवारी २०२५

रंभा बेटी, खूप खूप दुआ.

तुझं पत्र सकीनाने हातात दिलं तेव्हा मी भिंतीकडे बघत बसलो होतो. चारदा वाचलं. तुझे चिंचोके मला बरोबर ऐकू आले.

न उघडता इंजिन संपलं म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. आधी आवाज कुठून येतो ते शोधायचं. चांगला मेकॅनिक गाठ आणि तूही शेजारी उभी राहा, कारण तो आवाज तुझ्याइतका कुणी ऐकलेला नाही.

पहिलं काम: इंजिन थंड असताना बाहेरचा बेल्ट काढायचा आणि दहा-पंधरा सेकंद गाडी चालू करायची. खडखड गेली तर दोष बाहेर, अल्टरनेटरमध्ये नाहीतर पाण्याच्या पंपात. राहिली तर आत.

मग लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनावर, मूठ कानाला. आधी वरच्या झाकणावर, मग पुढच्या टायमिंग कव्हरवर. कुठे जास्त वाजतं ते बघ.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बॅटरीची वायर काढ. ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मार, वरचा कॅमशाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, दिसेल. मेकॅनिकला खालच्या मोठ्या पुलीच्या बोल्टला पाना लावून ती किंचित डावी-उजवी हलवू दे. खाली हललं की वर लगेच हललं पाहिजे. मध्ये किती वेळ जातो, ते मला कळव. जे ऐकशील-बघशील ते तुझ्या शब्दांत लिही.

जमालचाचा


ओवे,
१४ जानेवारी २०२५

ती. चाचा,

तिळगूळ पत्रातून पाठवता येत नाही, तो चाचींकडून घ्या.

करंजाड्याला हरेशचं छोटं गॅरेज आहे, गाडी तिथे नेली. त्याला तुमचं पत्र दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि हात पुसून परत दिलं. म्हणाला, "वयनी, उस्तादांचं नाव मी ऐकलंय. हे पत्र माझ्याकडे ठेवू काय?" मी म्हटलं, झेरॉक्स काढ.

बेल्ट काढला, चावी फिरवली. आवाज तसाच. म्हणजे आत.

स्क्रू ड्रायव्हर मी स्वतः लावला. वरच्या झाकणावर नुसती शिवणयंत्रासारखी टिकटिक. पुढच्या कव्हरवर लावला आणि मी डोकंच मागे घेतलं. साखळदंड फरशीवरून ओढत नेतात तसा आवाज, आणि मध्येच एक फटका, मग पुन्हा ओढणं. हरेशने ऐकलं. त्याचा चेहरा उतरला.

मग पाना. तो खाली, मी वर टॉर्च घेऊन. तो म्हणाला, "हलवतो." मी म्हटलं, "वर काय हलत नाय." तो म्हणाला, "अजून हलवतो." मी म्हटलं, "नाय." पान्याची मूठ चांगली चार बोटं फिरली आणि मग वर टक् करून हललं.

चाचा, आता विचारते ते रागावू नका. हे डायलिसिसचे लोक एक दिवसही थांबू शकत नाहीत. सावकाश चालवली तर एखादा आठवडा निघेल ना?

रंभा


म्हसळा,
१८ जानेवारी २०२५

रंभा,

एक दिवससुद्धा नाही. हे पत्र मिळेल तिथून गाडी हलवू नकोस.

कारण समजून घे. खालचा शाफ्ट पिस्टन वर-खाली करतो, वरचा शाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. दोघांना एका तालात बांधून ठेवणारी एकच वस्तू आहे, त्या कव्हरमागची टायमिंग चेन. सायकलची चेन उतरली तर सायकल थांबते. इथे चेन फार सरकली तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो, आणि मग त्या मोठ्या गॅरेजवाल्याचं बोलणं खरं होईल.

चेनला ताण देणारा एक दट्ट्या असतो, टेन्शनर, तो तेलाच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल खाली उतरतं आणि सकाळी ते परत चढेपर्यंत चेन वाजते. पण ते दोन सेकंद. तुझ्याकडे मिनिटभर वाजते, आणि मध्ये फटका बसतो. म्हणजे चेन ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकते, त्या गाईडपैकी एक तुटला असणार. हरेशला सांग, चेंबरमधलं ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळ. काळे तुकडे दिसले तर कव्हर उघड.

एक गोष्ट मला खटकते. अडीच वर्षांपूर्वी ही चेन मीच बदलली होती. इतक्यात हे व्हायला नको. मधल्या काळात कुणी दुसऱ्याने कव्हर उघडलं होतं का? आणि हा आवाज नक्की कधीपासून आहे? खरं सांग.

जमाल


ओवे,
२३ जानेवारी २०२५

ती. चाचा,

आज खरं तेच लिहिते, आणि लिहायला लाज वाटते.

तुमचं पत्र मंगळवारी दुपारी मिळालं. वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं. बुधवारी सकाळी काशीरामदादा नेहमीसारखे पायरीवर तयार होऊन बसलेले. हरेशने स्वतःची गाडी देतो म्हटलं होतं, पण गुरुवारपासून. मला वाटलं, एकच फेरी.

आशालताबाईंना घेऊन पुलावर चढले आणि सीटखाली मोठ्याने तडकन वाजलं. गाडी थरथरायला लागली, मीटरमध्ये पिवळा दिवा लागला. मला तुमचा पिस्टन आठवला. मी तिथल्या तिथे चावी बंद केली आणि कडेला घेतली. मागून हॉर्न सुरू झाले. बाई म्हणाल्या, "रंभाताई, एकदा पुन्हा लावून बघा ना." मी म्हटलं, "बाई, लावली तर मरेल." तेव्हा काशीरामदादा दार उघडून उतरलेच. "रंभे, हात लावू नको तिला. आमी रिक्षानं जातो. ती जगली तर आमी जगू." काठी टेकत ते पुलाच्या कडेने निघाले. चौघंही वेळेत पोचले, चाचा. मी मात्र पुलावर बसून रडले.

हरेशने गाडी ओढून नेली. ऑइल काढलं ते डांबरासारखं, आणि फडक्यावर काळ्या प्लॅस्टिकचे तुकडे. आज कव्हर उघडलं. चेन एक दात सरकली होती. चावी लगेच बंद केली म्हणून व्हॉल्व्ह वाचले, असं हरेशचं म्हणणं. दोन गाईडपैकी एक शाबूत, दुसऱ्याचे तीन तुकडे. हरेश म्हणाला, "वयनी, एक नवा, एक जुना, असं का बसवलं?" मला ठाऊक नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कुणीही कव्हर उघडलेलं नाही. आणि आवाज तुम्ही काम केलंत त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आहे. अगदी बारीक, क्षणभर. मी बोलले नाही. तुमच्या कामात खोट काढणारी मी कोण? शिवाय ऑइल बदलायची वेळ मी दोनदा पुढे ढकलली. तेव्हा चूक माझीच आहे. फक्त एवढंच सांगा, कोणते भाग घालायचे?

रंभा


म्हसळा,
२७ जानेवारी २०२५

रंभा बेटी,

चूक माझी आहे. तुझ्या ऑइलने ती वाढवली, पण केली मी.

तुझी गाडी आली तेव्हा चेन आणि एक गाईड मिळाला, दुसरा येत नव्हता. तुला सोमवारी गाडी हवीच होती. जुन्या गाईडवरून बोट फिरवलं, बारीक चीर लागली. मनात म्हटलं, महिनाभर जाईल, मग बोलावून बदलू. नंतर बोलावलं नाही. हे पहिलं.

दुसरं मी सकीनाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. त्याच्या आधीपासूनच माझे कान जात होते. गिऱ्हाईक बोलायचं, मी मान हलवायचो. इंजिन वाजायचं, मी हात लावून अंदाज बांधायचो. तुझ्या गाडीचं कव्हर बंद केलं, चालू केली आणि कान लावला. काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, काम फत्ते. बेटी, काम फत्ते नव्हतं, माझा कान गेला होता. पुढच्या महिन्यात आणखी एका गाडीत हेच झालं, तेव्हा कळलं. सगळ्यांना सांगितलं, गावाची ओढ लागली, आणि गॅरेज बंद केलं. तुझी गाडी आठवली होती. पण तुला सांगायचं म्हणजे कान गेल्याचंही सांगावं लागलं असतं. शरम वाटली.

तुझ्या पहिल्या पत्रात चिंचोके वाचले तेव्हाच मला तो जुना गाईड आठवला होता. तरी मी दुसऱ्या कुणाच्या हातावर संशय घेतला. चार माणसं पुलावर उतरली ती माझ्यामुळे.

तुझी हरकत नसेल तर शनिवारी, ८ फेब्रुवारीला, एसटीने येतो. दोन्ही गाईड, टेन्शनर, चेन, दातेरी चक्रं, सगळं नवं घालायचं. मी बघतो, हात हरेशचा असू दे. हरकत असेल तर तसं लिही, मला वाईट वाटणार नाही.

जमाल


ओवे,
३१ जानेवारी २०२५

चाचा,

या. भाग हरेशने मागवलेत, तुम्ही फक्त हात आणा. तोपर्यंत आम्ही हरेशच्या गाडीतून जातोय. तिच्यात काशीरामदादांचे गुडघे पुढच्या सीटला टेकतात आणि दादा रोज हरेशला शिव्या देतात. एवढंच काय ते हाल.

बाकी समोर बोलू.

रंभा


ओवे,
१० फेब्रुवारी २०२५

ती. चाचा,

तुम्ही काल दुपारच्या गाडीने गेलात. समोर बोलू असं मीच लिहिलं होतं, पण समोर मला बोलता आलं नाही, आणि जे बाकीचे बोलले ते तुम्हाला ऐकू आलं नाही. तुम्ही सगळ्यांकडे बघून नुसते हसत होता. म्हणून ते सगळं लिहून पाठवते. तुमच्या हक्काचं आहे.

शनिवारी तुम्ही चेनच्या खुणा जुळवून घेतल्यात आणि हरेशला तीन वेळा पुली हाताने फिरवायला लावलीत, तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "वयनी, मी एकदा फिरवून कव्हर लावलं असतं." मग तुम्ही तुटलेला गाईड त्याच्या हातावर ठेवलात आणि कागदावर लिहिलंत, 'हा मी बसवला होता.' त्याने तो उलटसुलट करून बघितला. तुम्ही हात धुवायला गेल्यावर म्हणाला, "एवढं कबूल करायला माझ्यात हिंमत नाय हाय." त्यातला एक तुकडा त्याने पाकिटात ठेवलाय.

रविवारी सकाळी इंजिन गार असताना तुम्ही तळहात कव्हरवर ठेवलात, डोळे मिटलेत आणि मला चावी फिरवायची खूण केलीत. गाडी चालू झाली. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत. मी फक्त मान हलवली. काय ऐकलं ते आता सांगते. पहिल्या क्षणी एक हलकी टक्. मग काही नाही. चिंचोके नाहीत, साखळदंड नाही. बंद खोलीत पंखा फिरावा तसं एकसारखं. कितीतरी महिन्यांनी मला माझ्या गाडीत बाहेरचे कावळे ऐकू आले.

काशीरामदादा तुमचा हात धरून फाटकाशी बराच वेळ बोलत होते. ते असं म्हणाले: "जमालभाई, डाक्टर माझं रगत धुतात, पन मला तिथपर्यंत नेते ही गाडी. कुनाची चूक, कुनाचं काय, ते मला नको सांगू. तू म्हातारपनी येवढा लांब आलास. माझा पोरगा पन येत नाय." तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "हो, ऊन फार आहे." दादांना तेही पटलं.

आता माझं. तुम्ही लिहिलंत, सोमवारी मला गाडी हवीच होती म्हणून घाई केलीत. तो सोमवार कोणता होता, ते तुम्हाला माहीत नसेल. आनंदाला जाऊन तीन महिने झाले होते. आशालताबाईंनी निरोप धाडला होता की सोमवारपासून डायलिसिसला न्याल तर तुम्ही, नाहीतर दुसरं कुणी बघते. तुम्ही चोख काम करायचं म्हणून आठवडाभर गाडी ठेवून घेतली असती, तर हे काम मला मिळालंच नसतं. त्या चिरलेल्या गाईडवर माझं घर अडीच वर्षं चाललं, चाचा. तुम्ही त्याला गुन्हा म्हणा. मला तसं म्हणता येत नाही.

पण यापुढे गाडी वाजली तर मी पहिल्याच दिवशी सांगणार, काम कुणाचंही असो. आणि ऑइलची तारीख आता कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलीय.

आज सकाळी चौघांना घेऊन निघाले. पूल आला तेव्हा सगळे कान देऊन बसलेले. गाडी सहज चढली. उतारावर काशीरामदादा म्हणाले, "आता काय वाजत नाय, तर मला झोप येल." आणि खरंच झोपले. हॉस्पिटलात उठवावं लागलं.

तुमची लेक,
रंभा


म्हसळा,
६ मार्च २०२५

रंभा बेटी,

उत्तराला उशीर झाला. रोजे सुरू झालेत, दुपारी अंगात ताकद राहत नाही. पण खरं कारण ते नाही. तुझं पत्र मी रोज थोडं थोडं वाचत होतो. लोक माझ्याशी काय बोलतात ते मला कुणी असं लिहून दिलं नव्हतं. काशीरामभाईंना माझा सलाम सांग, आणि ऊन खरंच फार होतं हेही सांग. आशालताबाईंचंही पत्र आलं. तू वाचायला दिलेल्या माझ्या पत्रातल्या दोन चुका त्यांनी काढल्यात आणि खाली लिहिलंय, 'तरी असं मराठी मला शाळेत कुणी लिहून दिलं नाही.'

परवाची गोष्ट सांगतो. आमच्या आळीत अयान नावाचा माणूस आहे, मासळीचा टेम्पो चालवतो. तो दारात येऊन टेम्पोकडे हातवारे करत बोलायला लागला. आतापर्यंत असं कुणी आलं की मी हसायचो, मान हलवायचो, आणि तब्येत बरी नाही म्हणून आत जायचो. या वेळी मी त्याला थांबवलं. म्हटलं, "भाई, मला काही ऐकू येत नाही. अजिबात नाही. तू ऐक आणि मला लिहून दे." रस्त्यावर दहा माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं होतं जमीन फाटेल. काही झालं नाही. सकीनाने आतून वही आणली.

अयानने बराच विचार करून लिहिलं, 'चिमण्या भांडतात तसं, आणि पाणी टाकलं की गप्प.' मी म्हटलं, बेल्ट. बॉनेट उघडलं, बेल्ट कडेला खाल्लेला, पुलीचं बेअरिंग हाताला खरखरीत लागलं. त्याने बोल्ट सोडवले, मी दाखवत गेलो. मग राहवेना, पाना मीच घेतला. बेल्ट चढवल्यावर त्याला म्हटलं, आता तू कान दे. त्याने कान दिला, वहीत मोठ्या अक्षरात 'गप्प' असं लिहिलं आणि मला मिठी मारली.

तू मला गाडीचं विचारलंस, बेटी. मला दोन वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं, आणि मीच तशी सोय करून ठेवली होती. अल्ला तुला सुखी ठेवो. हरेशला सांग, अडलं तर लिही म्हणावं.

त्या दिवशी रोजा सोडायची वेळ झाली, मी खजुराला हात घालणार, तर सकीनाने माझं मनगट धरलं आणि वही पुढे केली. तिने लिहिलं होतं, 'आधी हात धुवा, काळे आहेत.' मी मोरीवर गेलो. दोनदा साबण लावला तरी नखांतलं ग्रीस निघेना. ती मागे उभी राहून पाणी घालत होती आणि रडत होती, आणि मी तसाच धूत राहिलो.

तुझा,
जमालचाचा